माळरानावर जाताय? आधी उन्हाचा हिशोब

फील्डवर्कची पहिली फेरी सासवड-सुप्याकडच्या गवताळ टेकड्यांवर असेल, तर मोबाईलवर ३४ अंश बघून निवांत राहू नका. हवामान खातं तापमान मोजतं ते झडपांच्या पेटीत, म्हणजे सावलीत. माळावर सावली कुठंय? साधी छत्री न्या. धनगर मंडळी ती उगाच बाळगत नाहीत.

आता वेळ काढा. नेस्मिथचा १८९२ चा नियम असा: दर ५ किमीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. ६ किमी चाल आणि २०० मीटर चढ म्हणजे ७२ अधिक २०, एकूण ९२ मिनिटं. यात थांबणं धरलेलंच नाही, आणि आपण तर दर दहा पावलांवर गवत ओळखत बसणार! मी सरळ दुप्पट धरते. सहाला निघालात तर नऊपर्यंत परत.

माणशी किमान दोन लिटर पाणी घ्या. मयूरेश्वर अभयारण्यात नमुने गोळा करायचे असतील तर वनविभागाची परवानगी आधी काढा.

आणि उन्हात सोबती असंबद्ध बोलायला लागला, तर ती थट्टा समजू नका. त्याला छत्रीखाली बसवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन लावा. रेंज कुठल्या टेकडीवर येते, हे जातानाच बघून ठेवा.