वाट पाठ आहे, म्हणजे स्मरणशक्ती शाबूत?

ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातलं नगरपंचायतीचं गाव. एका अंगाला कापूस, सोयाबीन, हळदीची शेतं, दुसऱ्या अंगाला पैनगंगा अभयारण्याचं सागवानी रान. इथे सत्तरी ओलांडलेली माणसंही सकाळी शेताकडे निघतात, त्यामुळे एक समज पक्का बसला आहे: विसरण्याचा आजार शहरातला, फ्लॅटमध्ये बसून राहणाऱ्यांचा; मातीत राबलेल्या माणसाला तो शिवत नाही.

आकडे उलट बोलतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना डिमेन्शिया, हाच विसरण्याचा आजार, आहे. शहरी भागात हे प्रमाण ५.३ टक्के निघालं, ग्रामीण भागात ८.४, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. लहानपणी शाळा न मिळणं हा या आजाराचा एक मोठा जोखीम घटक आहे, आणि आज पंचाहत्तरीत असलेल्या खेड्यातल्या किती आज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं होतं? ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये असे १४ टाळता येण्याजोगे घटक मांडले. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण, उपचाराविना राहिलेली अधू नजर, एकटेपणा, हवेचं प्रदूषण हे त्यातले काही. बिडी गावात आहे, चुलीचा धूर आहे, ‘आता या वयात कशाला’ म्हणून लांबवलेला मोतीबिंदूही आहे. मोकळी हवा एवढं सगळं धुऊन काढत नाही.

‘बुढ्याले अजून वावराची वाट बरोबर सापडते, तेले काय झालं?’ हा दुसरा समज जास्त फसवा, कारण त्यातलं निरीक्षण खरं असतं. सवयीने अंगात मुरलेली कामं आणि काल काय घडलं याची आठवण यांसाठी मेंदू वेगवेगळ्या यंत्रणा वापरतो. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात बहुधा आधी मार खाते ती ताजी आठवण. हातापायांची सवय बराच काळ टिकते. चैत्रात मोहफुलं वेचायला गेलेली आजी कुठल्या झाडाखाली सडा दाट पडतो ते अचूक सांगेल, फुलं निवडून वाळतही घालेल, आणि चहा घेतला की नाही हे तासाभरात तीनदा विचारेल. १९७२ चा दुष्काळ, सुकडीचं वाटप, खडी फोडायला गेलेले दिवस तिला तपशीलवार आठवतात म्हणून घरचे निश्चिंत राहतात. जुनं आठवणं हा तब्येतीचा दाखला नव्हे. पाहायचं ते गेल्या आठवड्याचं.

गाव हा आजार झाकतो, असं माझं मत आहे. रोजची वाट, ओळखीचं झाड, ‘काका, इकडं कुठं?’ म्हणून हटकणारा पानटपरीवाला, हे सगळे मिळून माणसाची अर्धी आठवण सांभाळत असतात. मग मुलगा म्हाताऱ्या वडिलांना पुण्याला नेतो. आठ दिवसांत ते संडास शोधत स्वयंपाकघरात जातात आणि नातेवाईक ठरवतात की शहराने म्हाताऱ्याचं डोकं फिरवलं. अनोळखी जागी गोंधळ वाढतो हे खरंच आहे. पण बहुतेक वेळा आजार आधीपासून असतो. शहरात फक्त आधार निघून जातो.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर दवाखान्याचं दारच बंद करते. शेजाऱ्याचं नाव पटकन न आठवणं, चष्मा शोधत बसणं हे वयाचं. आयुष्यभर कापसाचा हिशेब तोंडी करणाऱ्याला शंभराची मोड जुळेनाशी होणं हे वयाचं नव्हे. त्यातही काही कारणं उलटवता येतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे आपल्याकडचं नेहमीचं कारण: माळकरी, शाकाहारी माणसांत ती जास्त, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही. थायरॉइड मंदावणं, नैराश्य, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचणारं रक्त, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या, यांनीही माणूस विसराळू होतो. उपचार वेळेत मिळाले तर यातले बरेचजण सुधारतात. ‘वय झालं’ म्हणून घरी बसवलेल्यांमध्ये असे किती असतील, या विचाराने राग येतो.

एक-दोन दिवसांत माणूस बरळायला लागला, रात्री उठून पळू लागला, तर ते ‘बाहेरचं’ही नसतं आणि डिमेन्शियाही बहुधा नसतो. लघवीचा संसर्ग, ताप, मे महिन्याच्या उन्हात शरीरातलं पाणी कमी होणं, सोडियम घसरणं ही त्याची नेहमीची कारणं. फवारणीहून आलेला माणूस असं वागला, घामाने डबडबला, तोंडातून लाळ गळू लागली, तर ती विषबाधा समजा. २०१७ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा वेळी मांत्रिकाकडे घालवलेली रात्र जीव घेऊ शकते.

उरली हळद. ती इथलं पीक, त्यामुळे तिच्यावर श्रद्धा ओघानेच आली. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत अल्झायमरचं प्रमाण फार कमी आढळलं आणि ‘भारतीय हळद खातात म्हणून’ ही गोष्ट जगभर पसरली. तिथे आयुर्मान कमी आणि पाहणीचा काळही थोडा होता, हे मात्र मागे पडलं. पुढे अल्झायमरच्या ३६ रुग्णांना २४ आठवडे हळदीतलं कर्क्युमिन देऊन पाहिलं, २०१२ मध्ये निकाल आला: स्मरणशक्तीत फरक नाही. पोटातून ते रक्तात फारसं पोचतच नाही. हळद भाजीत घाला, औषध म्हणून विकत घेऊ नका.

मग निसर्गाचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण हवेपेक्षा पायांतून जास्त. अमेरिकेत १२० वृद्धांवर केलेल्या, २०११ च्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, वर्षभरात सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा तो आक्रसला. धुऱ्यावरून फेरी, कोणाशी तरी बोलणं, हाताला काम, हे चालू राहू द्या. एकट्याने रानात मात्र पाठवू नका; खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

आणि शंका आली तर नांदेडच्या किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्या. सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं ठेवा, ब-१२ आणि थायरॉइडची तपासणी करायची का ते स्वतःहून विचारा, कानही तपासून घ्या. तोवर सल्ला हवा असेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १४५६७ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.