कथिलाची शुभ्र झिलई आणि इंग्रजी शेकोट्या

अठराव्या शतकातील इंग्रजी घरांत भिंतीतल्या शेकोटीभोवती निळ्या चित्रांच्या ज्या पांढऱ्या टाइल्स आजही आढळतात, त्यांची शुभ्रता हा कोणत्याही रंगद्रव्याचा नव्हे, तर प्रकाश विखुरण्याचा परिणाम आहे. आपल्याला कल्हईमुळे परिचित असलेल्या कथिलाचा ऑक्साइड शिसेयुक्त काचेच्या लेपात, म्हणजेच झिलईत, फारच थोडा विरघळतो आणि उरलेल्याचे अतिसूक्ष्म स्फटिक तिच्यात विखरून राहतात. या स्फटिकांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेचे माप, २ च्या आसपास, काचेपेक्षा बराच अधिक असल्यामुळे आत शिरलेले किरण वारंवार दिशा बदलून बाहेर पडतात आणि खालची पिवळसर माती झाकली जाते.

चिनी पोर्सेलिनची बरोबरी साधण्यासाठी इराकमधील कुंभारांनी नवव्या शतकात रुळवलेले हे तंत्र स्पेन, इटली आणि अँटवर्पमार्गे इंग्लंडला पोहोचले. यास्पर आंद्रिस आणि याकोब यान्सेन हे कारागीर १५६७ मध्ये अँटवर्पहून नॉरिचला आले. पुढे यान्सेनने लंडनमधील ऑल्डगेट येथे काम सुरू केले, आणि कालांतराने ब्रिस्टल व लिव्हरपूल ही या टाइल्सची मोठी केंद्रे ठरली.

या कलेचे खरे कौशल्य मात्र जुळणीत होते. भाजल्यानंतर थंड होताना माती आणि झिलई यांचे आकुंचन जुळले नाही, तर झिलईला तडे जातात किंवा तिचे पापुद्रे सुटतात, म्हणून चुन्याचा अंश असलेली माती निवडली जाई. एकदा भाजलेल्या टाइलवर झिलईचे पाणी ओतले, की कोरडा, भुकटीसारखा थर उरे; त्यावर भोके पाडलेल्या कागदातून कोळशाची पूड झटकून आकृती उमटवली जाई आणि कोबाल्टने निळी किंवा मँगनीजने जांभळी रेषा ओढली जाई. तो थर पाणी तत्काळ शोषून घेत असल्याने चूक पुसण्यास वावच नसे, आणि या चित्रांतील किंचित थरथरती, पण निःशंक रेषा हेच त्यांचे सर्वांत मोठे वैभव म्हटले पाहिजे. दुसऱ्या भाजणीत रंग झिलईत मुरून कायमचा होई, त्यामुळे शेकोटीची आच सोसूनही काजळी ओल्या फडक्याने पुसता येई.

२७ जुलै १७५६ रोजी लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी सहा तासांत १,२०० हून अधिक टाइल्सवर चित्रे छापली, तेव्हा हाताने रंगवणाऱ्यांपुढे यंत्राचे आव्हान उभे राहिले. पण अधिक मोठा धक्का इंग्रज कुंभार जोसाया वेजवुडच्या क्रीमवेअरने, म्हणजे मलईच्या रंगाच्या मातीच्या भांड्यांनी, दिला, कारण त्याची मातीच फिकट असल्यामुळे वर पारदर्शक झिलई पुरे आणि महागड्या कथिलाची गरजच उरली नाही.