एका केळ्यामागचे राजकारण
माकडांच्या टोळीत खाऊ कोणाच्या वाट्याला येतो आणि कोण उपाशी राहते?

सप्तशृंग गडावर किंवा त्र्यंबकेश्वरच्या परिसरात पिशवी उघडली की माकडे जमतात, हे नाशिककरांना नवे नाही. केळे फेकले की दांडगा नर ते उचलतो, दुसरा दात विचकतो, तिसरा किंचाळत पळतो आणि पिल्लाला पोटाशी धरलेली एखादी मादी लांबूनच बघत राहते. आपण हसून पुढे जातो. प्राणिवर्तनाचे अभ्यासक मात्र याच गोंधळात टोळीचे नातेसंबंध वाचतात.

मराठीने माकड आणि वानर असा भेद केला आहे, तो शास्त्रालाही मान्य आहे. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर बराचसा पाला खाते. तो पचवण्यासाठी त्याच्या पोटात वेगवेगळे कप्पे असतात. लालसर तोंडाच्या माकडाला असे पोट नसते, पण गालात पिशव्या असतात. मिळेल ते भराभर गालात कोंबायचे आणि सुरक्षित जागी जाऊन निवांत चावायचे, ही त्याची रीत. अन्नासाठी चढाओढ किती तीव्र असते, हे या पिशव्याच सांगतात.

अन्न कसे विखुरलेले आहे, यावर भांडणाचे स्वरूप ठरते. पाला सगळीकडे असतो, त्यासाठी फारसे भांडावे लागत नाही. फळांनी लगडलेले उंबराचे झाड मात्र एकाच ठिकाणी असते. तिथे ज्याची ताकद किंवा ज्याचा गोतावळा मोठा, त्याची चलती.

दगड आला, भांडण आले

ब्राझीलच्या कोरड्या माळरानांतील कॅपुचिन माकडे याचे उत्तम उदाहरण आहेत. जेमतेम दोन ते चार किलो वजनाची ही माकडे एक किलोहून जड दगड दोन्ही हातांनी उचलून कठीण ताडवर्गीय फळे फोडतात. पण चांगला हातोडा आणि खाली ऐरणीसारखा सपाट खडक या दोन्ही गोष्टी मोजक्याच ठिकाणी मिळतात. त्यामुळे ती जागाच भांडणाचे कारण ठरू शकते. इथल्या माद्यांमध्ये वरपासून खालपर्यंत स्पष्ट उतरंड दिसते आणि भांडणात त्या एकमेकींची बाजूही घेतात. पिल्ले मात्र फोडणाऱ्याजवळ घुटमळतात, सांडलेले तुकडे खातात आणि बघता बघता शिकतात.

भारतातही निकोबार बेटांवरील लांब शेपटीची माकडे अन्न काढण्यासाठी आणि साफ करण्यासाठी वस्तू वापरताना आढळली आहेत. दक्षिण भारतातील, डोक्यावर टोपीसारखे केस असलेल्या ‘बोनेट’ माकडांपैकी एका मादीने काडी हवी तशी मोडून वापरल्याची नोंद डॉ. अनिंद्य सिन्हा यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली.

बोनेट माकडांत माद्या जन्मभर माहेरच्याच टोळीत राहतात, नर मोठे झाले की दुसरीकडे जातात. लेकीला दर्जा साधारणपणे आईच्या दर्जावरून मिळतो. एकमेकींचे अंग निवडणे, म्हणजे केसांतील घाण आणि गोचिड काढणे, हे केवळ स्वच्छतेसाठी नसते. त्यातून सलोखा टिकतो आणि गरजेला मदत करणारी मैत्रीण जोडली जाते.

माणूसही हत्यारच!

कर्नाटकातील बांदीपूरच्या बोनेट माकडांनी तर आणखी एक युक्ती साधली. विशिष्ट आवाज काढून आणि हात पुढे करून ती पर्यटकांकडे खाऊ मागतात, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. दगडाने फळ फोडावे, तसे माणसाकडून अन्न मिळवायचे.

आपण खाऊ देतो तेव्हा नेमके काय बदलते? जंगलात दिवसभर पांगून शोधायचे अन्न एका पायरीवर, एका मुठीत येते. ते बळकावणे सोपे, म्हणून मारामाऱ्या वाढतात. दुबळ्या माद्या आणि पिल्ले मागे राहतात. म्हणजे ‘बिचारे उपाशी आहे’ म्हणून फेकलेले केळे बहुधा त्या टोळीतल्या सर्वांत धष्टपुष्ट जनावराच्या गालात जाते. रस्त्यालगत खाऊ मिळाला, तर वाहनाखाली येण्याचा धोका वेगळाच. शिवाय चढाओढीची सवय झालेले माकड पिशवीवर झडप घालते, तेव्हा चावा आपल्याला बसतो.

माकडाचा चावा किंवा ओरखडा क्षुल्लक समजू नये. त्यातून रेबीजचा धोका असू शकतो. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असे काही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लशीबाबत सल्ला घ्यावा आणि सांगितलेले सर्व डोस पूर्ण करावेत.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. लाखो भाविक येतील, त्यांच्या हातात प्रसाद असेल आणि मनात मारुतीरायाविषयी श्रद्धा. अंजनेरी हे हनुमानाचे जन्मस्थान मानणाऱ्या या भूमीत माकडाला घास देऊ नका, हे सांगणे कठोर वाटेल. पण खाऊ पिशवीत बंद ठेवणे, उष्टे उघड्यावर न टाकणे आणि डोंगरावरची उंबर, जांभूळ, करवंद राखणे, यातून टोळीतल्या शेवटच्या पिल्लापर्यंत घास पोहोचण्याची शक्यता जास्त आहे.