डिझेलच्या पाइपवर बोट फिरवू नका

मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ ते अडीच बार दाब असतो. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात पंपाकडून इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक पोलादी पाइपमध्ये तो १,६०० ते २,००० बारपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही वर जातो. एवढ्या दाबाखाली केसाएवढ्या फटीतून सुटलेली धार कातडी भेदून थेट आत शिरते. तरीही अनेक गॅरेजांत चालू इंजिनावर नट सैल करून एअर काढली जाते, गळती बोटाने चाचपली जाते आणि काढलेला पाइप पुसून परत बसवला जातो. पाइप बदलण्याच्या कामात खरा घात या सवयी करतात, असं माझं ठाम मत आहे.

यावर मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं असतं. ट्रॅक्टर-ट्रकवर वर्षानुवर्षं हेच केलं, कुणाचं काय बिघडलं? पण जुन्या पंपाच्या इंजिनातही नोझल उघडतं ते २०० बारच्या आसपास, आणि कातडी भेदायला १० बारही पुरतात. डिझेल इंजिनातल्या इंधनाने झालेल्या अशा जखमेची नोंद अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १९३७ सालीच छापून आली. मोटारींत कॉमन रेल आली ती त्यानंतर ६० वर्षांनी. म्हणजे जुनी पद्धत तेव्हाही सुरक्षित नव्हती. शिवाय ही जखम फसवी. टाचणी टोचल्यासारखं छिद्र दिसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि माणूस हात पुसून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र डिझेल बोटातून तळहाताकडे पसरत मांस नासवत जातं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट कापावं लागण्याची भीती वाढत जाते. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि मलमपट्टी एवढ्यावर हे भागत नाही. दाबाखालचं डिझेल आत गेलं आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायलाच हवं.

म्हणून इंजिन बंद केल्यावर दाब उतरेपर्यंत, उत्पादकाच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढा वेळ, थांबायचं. काही इंजिनांसाठी तो १० मिनिटांचा असतो. जोडाभोवतीची घाण आधी साफ करायची आणि उघडी तोंडं लगेच टोप्यांनी बंद करायची, कारण इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनचीच असते. जुना पाइप का टाकायचा, हा आक्षेप मात्र खर्चाचा आहे आणि तो रास्त आहे. नट आवळताना पाइपच्या टोकाचा शंकू बैठकीवर दाबला जाऊन किंचित आकार बदलतो, त्यातूनच जोड घट्ट होतो. दुसऱ्यांदा तो तसाच बसेल याची खात्री नसते, म्हणून अनेक उत्पादक नवाच पाइप लावायला सांगतात. पुस्तिकेत मुभा असेल तिथे जुना जरूर वापरावा. मुभा नसताना वापरला की तो गळतो, गळतो म्हणून नट जास्त आवळला जातो, शंकू चिरडतो, आणि सुटलेला धातूचा कण इंजेक्टर खातो. मग वाचवलेल्या पाइपच्या कितीतरी पट खर्च येतो. नवा पाइप वाकवून जुळवायचा नाही. दोन्ही नट आधी हाताने लावून मग टॉर्क पान्याने ठरल्या मापाला आवळायचे. क्लॅम्पही जिथल्या तिथे हवेत, नाहीतर कंपनाने पाइप तडकतो.

धोका आगीचाही असतो. जहाजांच्या इंजिनांवरचे असे पाइप दुहेरी आवरणाचे असावेत, असं सोलास हा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. पाइप फुटला तरी डिझेल तापलेल्या भागांवर उडू नये म्हणून. रस्त्यावरच्या गाडीला सहसा तसं आवरण नसतं. तिथे पहिल्यांदा इंजिन चालू करताना डोळ्यांवर चष्मा हवा, आणि जोड तपासायला लांबून धरलेला पुठ्ठा. त्यावर ओला डाग उमटला, तर इंजिन बंद करायचं, पुन्हा तेवढाच वेळ थांबायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा.