शून्याचा रकाना

‘तुमच्या घरी कोणते पाळीव प्राणी आहेत?’ हा प्रश्न शाळासोबत्यांना विचारून ताळ्याच्या खुणांनी उत्तरे नोंदवणे, हा शालेय गणितातील परिचित उपक्रम. मोठ्या शहरात उत्तरे कुत्रा, मांजर, मासे यांवर संपतात. कंधारात मात्र आरंभीच प्रश्न पडतो : दावणीची लाल कंधारी गाय यात धरायची की नाही? गावाचेच नाव मिरवणारा हा गोवंश, त्याचे बैल ओढकामाला काटक. त्याला वगळून कंधारची पाहणी कसली?

१९१९ पासून होत आलेल्या सरकारी पशुगणनेत गाय, म्हैस, शेळी, अगदी कुत्राही मोजला जातो, मांजर नाही. मुलांच्या वहीत तिलाही जागा मिळते.

हिशेबातला खरा घोळ शून्याचा. ज्या घरी जनावर कधीच नव्हते आणि ज्या घरची बैलजोडी ट्रॅक्टर आल्यावर बाजारात गेली, त्या दोहोंपुढे ‘नाही’ एवढेच लिहिले जाते. ‘पूर्वी होते का?’ असा आणखी एक रकाना आखला, तर मुलांना घरी आजोबांना विचारावे लागेल. आजोबा संख्येवर थांबणार नाहीत, बैलांची नावेही सांगतील. ती कोठे लिहायची, हे गुरुजींनी ठरवावे.