एक टी की दोन टी?

इंग्रजी अर्जात 'आय ॲम रायटिंग' असे लिहिताना 'रायटिंग'मध्ये टी किती घालायचे, इथे पुष्कळांचा हात अडखळतो. बरेच जण दोन घालतात. 'रिटन'मध्ये दोन आहेत, मग इथेही असतील, असा त्यांचा हिशेब. अर्ज वाचणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र आधी ती चूक भरते, मजकूर मागाहून.

याची किल्ली आपल्या मराठीतच आहे. चिठ्ठी, कुस्ती, मुक्काम हे शब्द पाहा. जोडाक्षराआधीचा इकार-उकार आपण ऱ्हस्व लिहितो. तीक्ष्ण, सूक्ष्म असे संस्कृतातून आलेले शब्द तेवढे निराळे. इंग्रजीजवळ ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या नाहीत. तेव्हा स्वर आखूड आहे हे ती बहुधा पुढचे व्यंजन दुहेरी करून सांगते. 'राइट' या क्रियापदाच्या शेवटी एक मुका ई असतो. आय-एन-जी जोडताना तो गळतो, टी एकच राहतो. 'रिटन'मध्ये स्वर आखडला, म्हणून टी दोन. तसेच 'होप' म्हणजे आशा करणे. त्याचे 'होपिंग' एका पीचे. 'हॉप' म्हणजे एका पायावर उड्या मारणे. त्याचे 'हॉपिंग' दोन पींचे. पत्रात एक पी जास्त पडला, की भेटीची आशा धरणारा माणूस लंगडी घालू लागतो बघा!

लांब शब्दांत आघात कुठे पडतो ते ऐकावे लागते. 'बिगिन'चा जोर शेवटावर, म्हणून 'बिगिनिंग'च्या मध्ये एन दोन. 'ओपन'चा जोर आरंभी, म्हणून 'ओपनिंग'मध्ये तिथे एकच. आपल्या मराठी कानाला हा जोर चटकन जाणवत नाही. गुरुजींनी तो टेबलावर ठोका देऊन दाखवावा. 'ट्रॅव्हलिंग' मात्र हट्टी. जोर पहिल्यावर असूनही ब्रिटनमध्ये एल दोन, अमेरिकेत एक. आपण दोनच शिकवावेत. पण मुलाने एका एलचे पुस्तक दाखवले तर त्याला खोटे पाडू नये.

सारख्या उच्चाराच्या शब्दांना असा नियम नाही, तिथे खूण शोधावी. जुन्या काळी फेरीवाल्यासारखा न हिंडता एका जागी दुकान मांडणाऱ्या पुस्तकविक्याला इंग्रजीत 'स्टेशनर' नाव पडले. त्याच्या नावातला ई त्याच्या कागद-लेखण्यांच्या 'स्टेशनरी'त राहिला. जागीच उभ्या असलेल्या गाडीची 'स्टेशनरी' मात्र ए-आर-वाय. मूळ एकच, अक्षर वेगळे. म्हणून शुद्धलेखन घालताना सुटा शब्द सांगू नका, अख्खे वाक्य सांगा. नुसते 'स्टेशनरी' ऐकून ए लिहावा की ई, हे त्या पोराने कशावरून ओळखायचे?