वावर घ्यायचे तर तालुका आधी मे महिन्यात पाहा

नागपुरात सक्करदरा, दिघोरीकडे राहणारी बरीच घरे मूळची उमरेड, कुही, भिवापूरकडची आहेत. कोणी नोकरीसाठी आले, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी. घरचा कर्ता निवृत्त झाला, फंडाची रक्कम हाती आली, की घरात विषय निघतो : चार एकर वावर घ्यावे, तिथेच दोन खोल्या बांधाव्या, एक गाय ठेवावी आणि शेतीवर राहावे. मग हा भाऊ किंवा जावई सल्ला विचारायला येतो तो गावातल्या तुमच्यासारख्या कास्तकाराकडे. आयुष्याची पुंजी एकदाच खर्च होते, म्हणून हा सल्ला जपून द्यावा लागतो.

शहरातल्या माणसाला पहिली ओढ काटोल-नरखेडची असते, संत्र्यामुळे. तिथली जमीन संत्र्याला मानवते हे खरे. पण विहिरी आणि बोअर वाढत गेले, पाणी खोल गेले. 6 बाय 6 मीटरवर लावलेल्या एकरभर बागेत सुमारे 110 झाडे बसतात. मोठ्या झाडाला भर उन्हाळ्यात ठिबकानेसुद्धा दिवसाला शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागते. पैसा थोडा असलेल्या नव्या कुटुंबाला तिकडे जाण्याचा सल्ला मी देत नाही.

सक्करदऱ्याहून उमरेड रस्त्याने पुढे गेले की चित्र बदलते. जिल्ह्यात पूर्वेकडे पाऊस जास्त. कुही, भिवापूरकडे धानाच्या बांध्या लागतात, सोबत तूर, हरभरा आणि मिरची. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. घरापुरते धान्य आणि मिरचीचा थोडा पैसा, असा संसार इथे बसू शकतो. मात्र तालुका एक असला तरी गावागावांत फरक आहे. गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन 1988 साली झाले. त्याच्या पाण्यामुळे कुही-भिवापूरमधील काही गावे उठली, तर काठाच्या गावांना पाणी जवळ आले. पण नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कुही तालुक्यातूनच कन्हानकडे जाते आणि ते पाणी पुढे त्याच जलाशयात उतरते. तेव्हा नदीकाठचे वावर आहे एवढ्यावर खूष होऊ नये. विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. घरात प्यायला तेच लागणार आहे.

जमीन पाहायला लोक हमखास श्रावणात जातात. त्या दिवसांत बरडी जमीनसुद्धा हिरवी दिसते! जावे मे महिन्यात. विहिरीवर मोटर लावून पाणी उपसावे आणि रात्रभरात किती चढते ते सकाळी मोजावे. 20 फूट व्यासाच्या विहिरीत 3 फूट पाणी चढले तर ते सुमारे 27 हजार लिटर झाले. एक एकर भाजीला दोन इंच पाण्याची एक पाळी म्हणजे दोन लाख लिटर. म्हणजे ही विहीर आठ दिवसांच्या पाळीने जेमतेम एक एकर भिजवील. विकणारा चार एकर ओलीत सांगत असेल तर हा हिशेब त्याच्यासमोरच मांडावा.

मातीसाठी वावरात तीन ठिकाणी कमरेइतका खड्डा घ्यावा. फूटभर मातीखाली मुरूम लागला तर ती खरडी. तिथे फळझाडांचा विचार सोडावा. खोल कन्हार लागली तर खड्ड्यात पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले असेल तर संत्र्याची मुळे तिथे कुजतील, धानाला मात्र ते चालेल. मध्यम मोरंड मिळाली तर उत्तम.

उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य 2012 साली झाले. त्याच्या आसपास रानडुकरे हरभरा, धान ठेवत नाहीत, आणि वाघाच्या भीतीने रात्री ओलिताला कोणी जात नाही. वावरात घर बांधून राहणाऱ्याने याचा विचार दहादा करावा. शेजारच्या धुऱ्यावरच्या कास्तकाराला विचारले तर तो खरे सांगतो, दलाल सांगत नाही.

कागदाचे थोडक्यात. शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. विदर्भासाठी 1958 चा स्वतंत्र कूळकायदा आहे. वडिलांच्या सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायचे राहिले असेल तर ते काम आधी करावे. घ्यायच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, आदिवासी खातेदार किंवा पुनर्वसनाचा शेरा असेल तर इसार देण्याआधी तहसीलमध्ये चौकशी करावी. पांदण रस्ता नकाशावर आहे की नुसता वहिवाटीचा, हेही पाहावे.

आणि घरच्या बाईला सोबत न्यावे. शाळा किती दूर, रात्री दवाखान्यात न्यायला वाहन मिळते का, पावसाळ्यात पांदणीतून गाडी निघते का, हे प्रश्न ती विचारते. पुरुष विहिरीशीच अडकतात.

एवढे सगळे जमले तरी लगेच खरेदी करू नये. त्याच गावात दोन एकर ठेक्याने घेऊन एक साल करून पाहावे, भाड्याच्या खोलीत राहून. सक्करदऱ्याचे घर तोवर विकू नये. ठेक्याची बोलणी पाडव्याच्या सुमारास होतात, म्हणून माघातच गावात शब्द टाकून ठेवावा.